डोविमा, हत्ती आणि तो पांढरा पट्टा

कोनाडा (धागाकर्ती, म्हणजे ही ऑनलाइन चर्चा सुरू करणारी)

मागच्या महिन्यात अक्कलदाढेपायी दातांच्या दवाखान्यात सव्वा तास बसावं लागलं. समोरच्या भिंतीवर एक मोठी काळी-पांढरी फ्रेम होती. हत्तींच्या कळपात मधोमध उभी एक बाई. अंगात पायघोळ काळा मखमली गाऊन, कमरेपासून खाली सोडलेला रुंद पांढरा पट्टा, एक हात सोंडेवर, दुसरा लांब पसरलेला, मान किंचित मागे. आणि तिच्या मागे सुरकुत्याच सुरकुत्या. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "फोटोशॉप आहे ओ ताई."

फोटोशॉप नाही. हा फोटो ऑगस्ट १९५५ चा, पॅरिसच्या 'सर्क दिव्हेर' नावाच्या जुन्या सर्कशीत काढलेला. काढणारा रिचर्ड अ‍ॅव्हेडॉन. त्याच सप्टेंबरात तो 'हार्पर्स बझार' या फॅशन मासिकात छापून आला. गाऊन ख्रिस्तियान दिओरच्या फॅशन घराण्याचा, पण आखला होता त्यांच्याकडे नुकत्याच लागलेल्या १९ वर्षांच्या मदतनिसाने. त्या पोराचं नाव इव्ह सँ लोराँ, पुढे स्वतःच जगप्रसिद्ध फॅशन डिझायनर झाला. एका फोटोत किती जणांची कुंडली असावी!

पण मला त्या बाईबद्दल लिहायचंय. फोटोचं नावच मुळी 'डोविमा विथ एलिफंट्स' आहे. एरवी फॅशनच्या फोटोखाली कपडे कुणाचे ते लिहितात. इथे बाईचं नाव पुढे, हत्ती मागे, आणि दिओरचा गाऊन पूर्ण नावात येतो तो त्यांच्याही मागे.

डोविमा हे तिचं खरं नाव नव्हे. डोरोथी व्हर्जिनिया मार्गारेट जुबा, जन्म ११ डिसेंबर १९२७, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग. वडील पोलिश वंशाचे पोलीस, आई आयरिश. दहाव्या वर्षी ऱ्हुमॅटिक फीवर झाला आणि पोरगी अंथरुणाला खिळली. एखाद-दोन महिने नव्हे, काही वर्षं. शाळा नाही, बाहेर खेळणं नाही. चित्रं काढायची आणि मनातल्या मैत्रिणीशी बोलायची. त्या मैत्रिणीचं नाव तिने स्वतःच्याच तीन नावांतून बनवलं: डोरोथीचं डो, व्हर्जिनियाचं वि, मार्गारेटचं मा. पुढे १९४९ मध्ये लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका ऑटोमॅटबाहेर (नाणं टाकलं की खिडकीतून खाणं मिळायचं अशी तेव्हाची उपाहारगृहं) 'व्होग' या फॅशन मासिकाच्या संपादिकेची नजर तिच्यावर पडली. दुसऱ्याच दिवशी ती अर्व्हिंग पेन या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यापुढे उभी. नाव विचारल्यावर तिने त्या मैत्रिणीचं नाव सांगितलं.

आडनाव न लावता एकाच नावाने वावरणारी ती पहिली मॉडेल मानली जाते. आज ढिगाने आहेत. तेव्हा नव्हत्या.

दवाखान्यात बसून हे शोधलं तेव्हा हसू आलं त्याचं कारण वेगळंच. डोविमाच्या समोरच्या दाताचा टवका उडालेला होता. म्हणून पेनने हसायला सांगितलं तेव्हा ती ओठ मिटूनच हसली. त्या हसण्याला लोकांनी मोनालिसाची उपमा दिली आणि तेच तिचं भांडवल झालं. दंतवैद्याच्या भिंतीवर नेमकी तीच बाई! डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्यांना माहीत नव्हतं. म्हणाल्या, "आज आली असती तर अर्ध्या तासात फिलिंग करून दिलं असतं." नशीब तिचं.

पन्नाशीच्या दशकात ती जगातली सगळ्यात महाग मॉडेल होती. तासाला ६० डॉलर. 'मिनिटाला डॉलर' ही तिची ओळखच पडली. १९५६ मध्ये अमेरिकेत किमान वेतन वाढून तासाला १ डॉलर झालं, म्हणजे कायद्याने मजुराला जे तासाला मिळायचं ते हिचं मिनिटाचं.

आणि शेवटी? १९९० मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने फ्लोरिडात गेली. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात ती फोर्ट लॉडरडेलच्या एका पिझ्झाच्या दुकानात आल्या-गेल्याचं स्वागत करून टेबल दाखवायचं काम करत होती. तिच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी, नोव्हेंबर २०१० मध्ये, त्याच हत्तींच्या फोटोची एक मोठी प्रत क्रिस्टीज या लिलावसंस्थेच्या पॅरिसमधल्या लिलावात ८ लाख ४१ हजार युरोला गेली. घेतली कुणी? दिओरने.

हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

---

गवतीचहा

मस्त लिहिलंयस कोनाडा. वाखूसा (वाचनखूण साठवली). फोटो पाहिलेला होता, बाई कोण ते कधी विचारलंच नाही. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

सुपाभो

तो नावाचा प्रकार घरी करून पाहिला. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. निकाल: सुपाभो. हत्तीशेजारी कोणी उभं करणार नाही, फार तर रसवंतीगृहाची पाटी होईल. आयडी मात्र लगेच बदलून घेतला आहे.

---

गवतीचहा

सुपाभो, आमच्यात अडचण अशी की लग्नानंतर मधलं आणि शेवटचं दोन्ही बदलतात. माझं माहेरचं बरं होतं, सासरचं ऐकून मांजरसुद्धा पळेल.

---

वैद्यबुवा_नगर

ऱ्हुमॅटिक फीवरबद्दल थोडं, कारण हल्लीच्या पिढीला तो शब्दच माहीत नसतो. घशाला जंतुसंसर्ग होतो, तो बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात. शिकताना आम्हाला सांगायचे की हा आजार सांधे नुसते चाटतो, चावतो तो हृदयाला. झडपा कायमच्या बिघडू शकतात. ही मुलगी आजारी पडली साधारण १९३७-३८ मध्ये. पेनिसिलिन सर्वसामान्यांना मिळू लागलं ते १९४५ च्या आसपास. तोवर उपाय एकच, विश्रांती. पोराला पलंगावरून उतरू द्यायचं नाही. पुन्हा घसा धरला की आजार उलटायचा, मग पुन्हा पलंग. म्हणून 'काही वर्षं' यात अतिशयोक्ती वाटत नाही.

त्याच काळातली दुसरी मोठी मॉडेल कार्मेन देल'ओरेफिचे, तिलाही लहानपणी हाच आजार झाला होता. ती १९४७ मध्ये, ऐन पंधरा-सोळाव्या वर्षी 'व्होग'च्या मुखपृष्ठावर आली आणि ऐंशी ओलांडल्यावरही रॅम्पवर चालत होती.

---

रोखठोक_रानडे

लेख चांगला, पण एवढं हळहळण्यासारखं काय आहे? मिनिटाला डॉलर घेऊन उभं राहायचं होतं. कपडे दुसऱ्याचे, डोकं फोटोग्राफरचं. खुंटीला टांगलेल्या कोटाचं चरित्र लिहितो का आपण? त्याच दशकातल्या कापड कारखान्यांमधल्या बायकांवर धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

---

कोनाडा

रानडेकाका, 'खुंटी' हा शब्द तुमच्या आधी त्यांच्यातल्याच एकीने वापरलाय. लिसा फोन्साग्रिव्ज, स्वीडनची, पुढे अर्व्हिंग पेनची बायको झाली. ती स्वतःला चांगला हँगर म्हणायची. महत्त्व कपड्याचं, मुलीचं नाही, असं तिचं म्हणणं. पण हीच बाई १९३९ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या लोखंडी कठड्याबाहेर एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने झगा वाऱ्यावर उडवत उभी राहिली होती. फोटो एरविन ब्लूमेनफेल्डचा. खुंटीला हे जमत नाही.

कामाचं म्हणाल तर तेव्हा मेकअप करायला, केस बसवायला वेगळी माणसं बहुतेक वेळा नसायची. मॉडेलने स्वतः तयार व्हायचं. पायताणं, हातमोजे, खोटे दागिने, केसांचे गंगावन, आतले कपडे, सगळं स्वतःचं. हे सगळं हॅटच्या गोल डब्यात भरून तो डबा हातात घेऊन या कामावरून त्या कामावर. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर गोल डबा घेऊन उंच मुलगी दिसली की लोक ओळखायचे, ही मॉडेल. आपल्याकडे मेकअपची पेटी घेऊन लोकलने फिरणाऱ्या पार्लरवाल्या मुली असतात, डोळ्यासमोर तशा येतात.

पैशांचंही तसंच. जाहिरातवाले महिनोन्महिने बिलं थकवायचे. १९४६ मध्ये आयलीन आणि जेरी फोर्ड यांनी मॉडेलना कामं मिळवून देणारी एजन्सी काढली, त्यांनी मुलींना काम झाल्यावर एजन्सीच्या खिशातून आगाऊ पैसे द्यायला सुरुवात केली आणि वसुली स्वतःकडे घेतली. एवढ्या एका गोष्टीवर ती एजन्सी मोठी झाली. डोविमा त्यांचीच.

---

रोखठोक_रानडे

बिलं थकवणं हा जागतिक धर्म आहे एवढं मान्य. आयफेलचा फोटो पाहिला. हात घामेजले. खुंटी मागे घेतो.

---

डार्करूम

आमचा तीन पिढ्यांचा फोटो स्टुडिओ होता, आता झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. थोडी भर टाकतो.

या फोटोतला प्रकाश बघा. अ‍ॅव्हेडॉनने ते हत्ती प्रथम पाहिले ते मोठ्या काचेच्या छताखाली, तिथून उजेड उतरत होता. त्यामुळे हत्तींच्या कातडीची प्रत्येक वळी उठून आलीय. मागे सपाट भिंत असती तर बाई देखणी दिसली असती, बस. सुरकुत्यांपुढे ती अशी दिसते की जणू इस्त्री केलेली एकच गोष्ट त्या खोलीत आहे.

दुसरं, हत्ती स्थिर राहत नाहीत. सोंडा हलतात, पाय उचलतात, त्यात गाऊनमधली बाई स्थिर. हातांची ती लांबलचक रेघ तिने हत्तींच्या हालचालीकडे लक्ष ठेवून धरलीय. मी आयुष्यभर माणसांना 'हलू नका' म्हणत आलो. हे किती कठीण आहे ते मला विचारा. नवरदेव दहा सेकंद नीट उभा राहत नाही आणि त्याच्या बाजूला हत्ती नसतो. (बहुतेक वेळा.)

तिसरं, त्या दिवशी दोन गाऊनमध्ये फोटो काढले होते. दुसरा पांढरा. तोही मासिकात छापला होता, पण त्याची निगेटिव्ह पुढे गहाळ झाली. आमच्या धंद्यात ह्याला काय म्हणतात ते इथे लिहिलं तर संपादक मंडळ प्रतिसाद उडवेल.

---

निळी_शाई

पायातला साखळदंड कुणालाच दिसला नाही का? सौंदर्य वगैरे ठीक, मला तो फोटो बघवत नाही.

---

डार्करूम

दिसला. हत्तीच्या पायात आहे. पुसायचा ठरवला असता तर पुसता आला असता, रिटचिंग तेव्हाही हाताने करायचेच. ठेवलाय. तुमचं बरोबर आहे, एकदा दिसला की फोटो तसा राहत नाही.

---

गवतीचहा

अवांतर: हत्ती आणि मॉडेल म्हटल्यावर दुसऱ्याच वर्षीचा, १९५६ चा एक फोटो आठवला. ब्रिटिश 'व्होग'साठी नॉर्मन पार्किन्सन भारतात आला होता. जयपूरच्या सिटी पॅलेसबाहेर रंगवलेला हत्ती आणि शेजारी अ‍ॅन गनिंग, अंगात गुलाबी मोहेरचा कोट. जयपुरात लोकरीचा कोट! थंडीत काढला असेल तरी दुपारी त्या बाईचं काय झालं असेल ते कोणी लिहिलेलं नाही. फोटो मात्र फर्मास आहे.

---

टेबल_नंबर_सहा

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, फक्त या धाग्यासाठी. मूळ लेखातल्या 'आणि शेवटी?' या दोन शब्दांवर माझा आक्षेप आहे.

मी १८ वर्षं हॉटेलात दारावर उभी राहते. ठाण्यात सुरुवात केली, आता न्यू जर्सीत आहे. हॉस्टेसचं काम म्हणजे आल्या माणसाला एका नजरेत ओळखायचं: ह्याला कोपरा हवा, ह्यांचं भांडण झालंय, ह्या आजींना पायरी चढवत नाही. चेहरा हसरा, पाठ ताठ, पाय दुखत असले तरी ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. ज्या बाईने दहा वर्षं हेच कॅमेऱ्यापुढे केलं, ती या कामात किती तरबेज असेल! लोक लिहितात 'कुठून कुठे येऊन पडली'. पडली कुठे? स्वतःच्या पायावर उभी होती, अक्षरशः.

१९७० च्या दशकात ती फ्लोरिडाला गेली ती आईवडिलांसाठी. १९८३ मध्ये तिसरं लग्न केलं. तो नवरा १९८६ मध्ये वारला. ती काम करत राहिली. ही गोष्ट आपल्या ओळखीतल्या कुणा मावशीची असती तर आपण तिला शोकांतिका म्हटलं नसतं, 'खंबीर बाई' म्हटलं असतं.

---

कोनाडा

टेबल_नंबर_सहा, हे मनाला लागलं. ते दोन शब्द मी टाळीसाठीच लिहिले होते, कबूल. संपादनाची मुदत संपलीय, नाहीतर काढले असते.

पण सगळं गोड होतं असंही नाही. सुमारे १९५९ मध्ये, जेमतेम तिशी ओलांडल्यावर ती थांबली. कॅमेरा निष्ठुर होईपर्यंत वाट बघायची नव्हती असं तिचं म्हणणं. थांबणं तिचं स्वतःचं होतं. नंतर टीव्हीवर छोटी-मोठी कामं केली, ती फार चालली नाहीत. दुसरं लग्न मोडलं आणि मुलीचा ताबा हातून गेला. मिनिटाला डॉलर मिळवणारीच्या हाती पैसा राहिला नाही. त्यातलं पिझ्झाचं दुकान बहुधा सगळ्यात सुखाचं असेल, हे तुझं वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

---

सिनेमावेडा_गिरगाव

'फनी फेस' (१९५७) पाहिला असेल तर त्यात ही आहे! ऑड्री हेपबर्न आणि फ्रेड अस्टेअरचा सिनेमा. अस्टेअरने केलेला फोटोग्राफर अ‍ॅव्हेडॉनवरून बेतलेला, आणि अ‍ॅव्हेडॉन स्वतः त्या सिनेमाचा दृश्य-सल्लागार. डोविमाची भूमिका मॅरियन नावाच्या मॉडेलची. दिसते सम्राज्ञीसारखी, तोंड उघडलं की क्वीन्सच्या गल्लीतली भाषा, आणि हातात कॉमिक्स. सगळं थिएटर हसतं.

गंमत म्हणजे ते कॉमिक्स खोटं नव्हतं. १९५१ मध्ये अ‍ॅव्हेडॉनबरोबर इजिप्तला गेली तेव्हा तिच्या सामानात कॉमिक्सनी भरलेली ट्रंक होती असं सांगतात. सिनेमात तिला 'ढ' म्हणून हसण्यासाठी वापरलंय. वर वैद्यबुवांनी लिहिलेलं वाचल्यावर मला आता ते हसण्यासारखं वाटत नाही. पलंगावर पडलेल्या दहा वर्षांच्या पोरीकडे दुसरं काय असणार?

---

वैद्यबुवा_नगर

+१. आमच्या वॉर्डात चांदोबा असायचे. पानं निखळलेले.

---

रोखठोक_रानडे

एक प्रश्न राहिला. २०१० मध्ये जे साडेआठ लाख युरो आले त्यातलं तिच्याकडे, म्हणजे तिच्या वारसांकडे काही गेलं का?

---

डार्करूम

काका, तसा हिशोबच नसतो. मॉडेलला तासाचे पैसे मिळतात, विषय संपला. चित्राचा हक्क फोटोग्राफरचा, छापायचा हक्क मासिकाचा, प्रत विकत घेणाऱ्याची. लिलावात गेलेली प्रत अ‍ॅव्हेडॉनच्या १९७८ च्या न्यूयॉर्कमधल्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या प्रदर्शनासाठी बनवलेली, उंची सव्वादोन मीटरला थोडी कमी. नंतर २० वर्षांहून जास्त काळ ती त्याच्या स्टुडिओच्या दारात टांगलेली होती. म्हणजे किंमत त्या कागदाची, त्या भिंतीची, त्या माणसाच्या नावाची. तिचे ६० डॉलर तासाचे तेव्हाच चुकते झाले होते.

आमच्या स्टुडिओच्या काचेच्या कपाटात एका नवरीचा फोटो ३० वर्षं होता. गिऱ्हाइकं तो बघून आत यायची. तिला आम्ही एक फुकट प्रत दिली होती, झालं. कधी विचार केला नव्हता.

---

टेबल_नंबर_सहा

निदान नाव तरी तिचंच राहिलं. पलंगावर बनवलेलं. फोटोच्या नावात पहिला शब्द तोच.

---

काजबटण

मी शिवणकाम करते, ब्लाउज आणि हल्ली गाऊन. फोटोकडे शिंपिणीच्या नजरेने पाहिलं, तेवढंच सांगते.

काळी मखमल शिवणं म्हणजे शिक्षा. मखमलीला लव असते. सगळ्या कळ्या एकाच दिशेने कापाव्या लागतात, एक जरी उलटी पडली तर एका गाऊनमध्ये दोन काळे दिसतात. वरून इस्त्री फिरवली की लव मेली. उलट्या बाजूने नुसती वाफ. आणि मखमल उजेड पिऊन टाकते, म्हणून ती बाई मधे एखाद्या फटीसारखी दिसते, हात आणि चेहरा तेवढा उजळ. पट्टा मात्र चकचकीत, तो उजेड परत फेकतो. त्या १९ वर्षांच्या पोराला हे कळलं होतं.

पण पट्टा माझ्या डोळ्याला खुपतोय. हत्तींचे पाय उचललेले, हात पसरलेले, सगळीकडे हालचाल, आणि पट्टा सरळ खाली पडलाय. चुकीचं बोलत असेन तर माफ करा.

---

डार्करूम

काजबटणताई, दंडवत. हेच अ‍ॅव्हेडॉन स्वतः म्हणत असे. पट्टा डावीकडे उडायला हवा होता, म्हणजे चित्राची रेघ पुरी झाली असती. आपण तसा का उडवला नाही हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यामुळे हा फोटो त्याच्या लेखी फसलेलाच.

---

काजबटण

अय्या! पण तो आपोआप उडला नसता. दुहेरी कापड असणार, वजनदार. पंख्याने भागत नाही त्याला. टोकाला काळा दोरा टाचून चौकटीबाहेर एक पोरगं बसवायचं आणि क्लिकच्या वेळी ओढायला सांगायचं. आमच्याकडे प्री-वेडिंगला लेहंग्याचा घेर असाच उडवतात. दोरा आठ आण्याचा.

---

सुपाभो

ताई, सगळे हत्तींकडे बघत असताना दोरा धरणाऱ्या पोराकडे कोण बघणार, आणि ते पोरगं तरी पट्ट्याकडे कशाला बघेल?

---

कोनाडा

शुक्रवारी दाढेचे टाके काढायला जायचंय. या वेळी खुर्ची फ्रेमच्या समोर ओढून बसते आणि पट्ट्याचं टोक नेमकं कुठे पडलंय ते बघून सांगते.